जमिनीवर बसता यावं, उठता यावं

(प्रस्तावना)

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं आणि आमच्या इमारतीचा तळमजला बुडाला. तिसऱ्या दिवशी जवानांची रबरी होडी जिन्याला लागली. पायऱ्यांवर आम्ही ओळीने उभे होतो. माझ्या पुढे दोघं होती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक काकू आणि नुकतेच अठ्ठावन्न पुरे झालेले एक गृहस्थ. होडीतले जवान प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होते : "खाली बसा, अगदी तळाला बसा, उभं राहू नका." काकूंनी साडीचा घोळ वर खोचला, कठड्याला हात दिला, एक पाय होडीत टाकला आणि उकिडव्या बसल्या. मग हळूच सरकून त्यांनी मांडी घातली.

गृहस्थांची प्रकृती चांगली होती. गुडघ्याचं दुखणं नाही, रक्तदाब नाही, रोज संध्याकाळी फिरायला जाणारे. पण त्यांना खाली बसताच येईना. ते कमरेतून वाकले, गुडघे अर्धे दुमडले आणि तिथेच थांबले. होडी डुलू लागली. शेवटी दोघा जवानांनी त्यांना काखेत धरून अलगद खाली टेकवलं. "मला खाली बसायची सवय नाही हो," असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्यांचा आवाज कापत होता.

काकू माझ्या व्यायामवर्गात कधीच आलेल्या नव्हत्या. विळी, देवघरापुढचा पाट आणि दुपारी निवडायला घेतलेली भाजी, एवढाच त्यांचा व्यायाम. या पुस्तकाचं बी त्या होडीत पडलं.

मी गेली बावीस वर्षं ज्येष्ठांचा व्यायामवर्ग घेते. त्या पुरापर्यंत मीही लवचिकता ठरावीक मापांनीच मोजत असे. पायाचे अंगठे धरता येतात का, कपाळ गुडघ्याला टेकतं का, पाठीमागे हात गुंफता येतात का. मुळात 'लवचिक' हा शब्दच थोडा पुस्तकी आहे. तो ऐकला की डोळ्यांसमोर मल्लखांबावरची मुलं येतात. घरात आपण तसं बोलत नाही. अंग आखडलं, कंबर धरली, पाठ ताठली, मान अवघडली असं म्हणतो, आणि व्यायामानंतर म्हणतो, "अंग मोकळं झालं." मला हा 'मोकळं' शब्द फार नेमका वाटतो. शरीर किती वाकतं यापेक्षा रोजच्या कामाला ते किती मोकळं आहे, हे जास्त महत्त्वाचं. फडताळातला वरचा डबा काढता येणं, पायाची नखं स्वतः कापता येणं, मागून कुणी हाक मारली तर मान वळवून पाहता येणं, पलंगाखाली गेलेलं औषधाचं पाकीट काढता येणं. यातली एकेक गोष्ट गळाली की माणूस तेवढ्यापुरता दुसऱ्यावर अवलंबून होतो, आणि बहुतेकदा हे त्याच्या लक्षातही येत नाही.

या पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं : वय आपल्या अंगाचा थोडा मोकळेपणा नेतंच, त्यावर इलाज नाही. पण त्याहून बराच मोठा वाटा आपण स्वतःच, वय होण्याच्या कितीतरी आधी, सोडून दिलेला असतो. वयाने नेलेलं सगळं परत येत नाही. आपण सोडलेलं मात्र बऱ्याच अंशी परत येतं.

आधी वयाचा वाटा पाहू. स्नायूंभोवतीची आवरणं, स्नायूंना हाडाशी बांधणारे दोर आणि सांध्याभोवतीची पिशवी हे सगळं मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंनी विणलेलं असतं. तरुणपणी हे तंतू एकमेकांवरून सहज सरकतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं त्यांना चिकटत राहते आणि तंतूंमध्ये आडवे सांधे तयार होतात. पाकात पडलेल्या शेवया एकमेकींना चिकटाव्यात, तसं. तव्यावरच्या पोळीला तांबूस डाग पडतात, त्याच जातीची ही क्रिया, फक्त अत्यंत मंद आचेवर, दशकानुदशकं चालणारी. मधुमेहात ही आच वाढते. म्हणून मधुमेह जुना झाला की काहींना नमस्कारासाठी दोन्ही तळवे पूर्ण जुळवता येत नाहीत, बोटांमध्ये फट राहते. डॉक्टर ही खूण मुद्दाम पाहतात. माझ्या वर्गातही पहिल्या दिवशी मी सगळ्यांना नमस्कार करायला सांगते, आणि ज्यांचे हात जुळत नाहीत त्यांना साखर तपासून घ्यायला पाठवते. खांदा गोठण्याचा त्रासही मुख्यतः चाळिशी ते साठीत होतो आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तो जास्त आढळतो.

हे तंतू नव्याने विणले जात नाहीत का? जातात, पण प्रत्येक जागेचा वेग वेगळा. त्वचेतलं निम्मं कोलॅजेन बदलायला साधारण पंधरा वर्षं लागतात. सांध्यातल्या कूर्चेतलं निम्मं बदलायला शंभराहून अधिक वर्षं लागतील, म्हणजे व्यवहारात ते बदलतच नाही. टाचेच्या वरच्या जाड दोराची गोष्ट तर थक्क करणारी आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला आणि अन्नातून तो सगळ्यांच्या शरीरात गेला. डॅनिश संशोधकांनी २०१३ मध्ये या कार्बनच्या खुणेवरून त्या दोराचं वय काढलं. त्याचा गाभा सतराव्या वर्षाच्या आसपास तयार होतो आणि पुढे जवळपास तसाच राहतो, असं त्यांना दिसलं. आज सत्तरीतले आजोबा ज्या दोरावर चालतात, तो त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतला आहे. मला हे वाचून धीर आला आणि जबाबदारीही वाटली. जी वस्तू बदलून मिळणार नाही, ती आपण जपून वापरतो. आणि दोर जपायचा म्हणजे गुंडाळून ठेवायचा, असं नाही. पडून राहिलेला दोरही कडक होतो.

वय सगळ्या सांध्यांकडून सारखी वसुली करत नाही. कोपर आणि गुडघा यांची हालचाल निरोगी माणसात उशिरापर्यंत चांगली टिकते. खांदा, खुबा आणि धड यांचं वळणं आधी कमी होतं. पंचावन्न ते शहाऐंशी वयाच्या माणसांच्या एका पाहणीत खांदा आणि खुबा यांची हालचाल दर दहा वर्षांनी सुमारे पाच ते सात अंशांनी कमी होताना दिसली. साठी ते ऐंशी या वीस वर्षांत धरा दहा-चौदा अंश. हे नुकसान खरं आहे, पण एवढ्याने माणसाचं बसणं बंद पडत नाही. होडीतल्या त्या गृहस्थांचं याच्या कितीतरी पट गेलं होतं, तेही साठीच्या आत. ते वयाने नेलेलं नव्हतं.

मग कुणी नेलं? याचं उत्तर आपल्या घरांच्या रचनेत आहे. माझी आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून काम करायची. विळीच्या पाटावर एक पाय दाबलेला, दुसरा गुडघा उभा किंवा मुडपलेला, आणि दर काही मिनिटांनी पाय बदलायचा. भाजी चिरून झाली की तिथूनच उठून पिंपातलं पाणी घ्यायचं, पुन्हा बसून कणीक मळायची, पुन्हा उठून डबा काढायचा. एका सकाळी ती किती वेळा बसत-उठत असेल, याची मोजदाद तिने कधी केली नाही. त्याला व्यायाम म्हणावं असं कुणालाच वाटलं नाही. पुढे घरात ओटा आला, मग जेवायचं टेबल आलं, मग कमोड आला. देवपूजाही स्टुलावर बसून सुरू झाली. एकेक बदल सोयीचाच होता. सगळे मिळून मात्र त्यांनी दिवसातून तीस-चाळीस वेळा होणारं बसणं-उठणं शून्यावर आणलं.

शरीर आपल्या बसण्याची नोंद ठेवतं, हाडांवरसुद्धा. लाहोरला शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३ मध्ये पंजाबी लोकांच्या पायांच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उकिडवं बसण्याची सवय असलेल्यांच्या घोट्याच्या हाडांवर त्यांना लहान, गुळगुळीत जागा आढळल्या. तळपाय जमिनीला टेकवून पूर्ण खाली बसताना तिथे हाडाला हाड टेकतं. युरोपीय लोकांच्या हाडांवर त्या सहसा नसत. पिढ्यान्‌पिढ्यांची बैठक अशी घोट्यावर उमटलेली असते.

पण इथे एक सावधगिरी बाळगायला हवी, आणि वाचकांनीही ती बाळगावी. जुनं ते सगळं सोनं, असं या पुस्तकाचं म्हणणं नाही. भात लावणीत चिखलात दिवसभर वाकून राहणाऱ्या बायकांच्या कमरा जन्मभर दुखतात. जात्यावर बसणाऱ्यांचं हौसेने कौतुक करणाऱ्यांनी ते जातं महिनाभर ओढून पाहावं. चीनमध्ये बीजिंग शहरात झालेल्या एका मोठ्या पाहणीत, तरुणपणी दिवसाचे तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्यांमध्ये म्हातारपणी गुडघ्याची झीज जास्त आढळली. माझ्या आईने ओटा हौसेने बांधून घेतला आणि त्या दिवशी ती खरोखर सुखावली होती. सांध्याला एकाच स्थितीत तासन्‌तास कोंडणं वाईट, मग ती स्थिती पाटावरची असो की खुर्चीवरची. गुण आहे तो बसण्या-उठण्यात, पाय बदलण्यात, दिवसभरात सांध्याला त्याच्या पूर्ण वळणातून अनेकदा नेण्यात.

आपल्या महाराष्ट्राला हे कुणी नव्याने शिकवावं असं नाही. बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरीस मल्लखांबाला शिस्त दिली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नेमाने सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांमधून त्यांनी ते मुलांना घालायला लावले. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि आसनांचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनी मोजायला सुरुवात केली. श्रद्धेच्या विषयाला मोजपट्टी लावण्याचं ते धाडस मला आजही मोठं वाटतं. १९३७ मध्ये बी. के. एस. अय्यंगार पुण्यात आले. त्यांची छायाचित्रं पाहून अनेकांना वाटतं की हे शरीर जन्मतःच तसं असणार. प्रत्यक्षात त्यांचं बालपण आजारपणात गेलं आणि योग सुरू केला तेव्हा त्यांचं अंग कडक होतं. साठीच्या सुमारास स्कूटरच्या अपघातामुळे त्यांना आपली साधना पुन्हा जवळपास मुळापासून उभी करावी लागली. पट्टे, दोर, खुर्च्या, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने आसन करण्याची जी पद्धत त्यांनी घडवली, तिच्यामुळे माझ्यासारखीला पंचाहत्तरीच्या आजींना शिकवता येतं. आधार घेऊन केलेलं आसनही पूर्ण आसनच असतं, हे त्यांनी जगाला पटवलं.

आता आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला उशिरा कळली. ताण देण्याचे व्यायाम सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांतच माणूस आधीपेक्षा जास्त वाकू लागतो. आपल्याला वाटतं, स्नायू लांब झाला. मोजून पाहिलं तर इतक्या थोड्या काळात स्नायूचा कडकपणा फारसा बदललेला नसतो. बदलते ती मेंदूची तयारी. मेंदू राखणदारासारखा उभा असतो. ज्या वळणावर आपण वर्षानुवर्षं गेलो नाही, तिथे तो आधीच "थांब" म्हणतो, स्नायू आवळतो, दुखल्याची जाणीव करून देतो. रोज थोडं, श्वास न रोखता, न घाबरता त्या वळणाशी जाऊन आलं की राखणदाराचा विश्वास बसतो आणि तो फाटक थोडं जास्त उघडतो. म्हणून झटके देऊन ताण देणाऱ्याचं अंग उलट आणखी आवळतं. म्हाताऱ्या माणसासाठी यात मोठी आशा आहे. तंतूंचं वय आपल्या हाती नाही, पण राखणदाराशी बोलणी कोणत्याही वयात करता येतात.

मात्र नुसता मोकळेपणा पुरत नाही. उठायला मांडीत ताकद लागते आणि तोलही लागतो. ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी यासाठी एक सोपी चाचणी बसवली : अनवाणी उभं राहायचं, जमिनीवर बसायचं आणि उठायचं. बसण्याला पाच गुण, उठण्याला पाच. हात, गुडघा वा कोपर टेकला की दर आधाराला एक गुण वजा, तोल गेला की अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांचा त्यांनी काही वर्षं मागोवा घेतला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना कमी गुण होते, त्यांच्यात त्या काळातल्या मृत्यूंचं प्रमाण बरंच जास्त होतं. याचा अर्थ जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढतं असा कुणी काढू नये. ज्याची ताकद, तोल आणि सांधे शाबूत, त्याची एकूण तब्येतच बरी, असा तो अर्थ आहे. पण कोणत्याही यंत्राशिवाय, घरच्या सतरंजीवर, स्वतःच्या शरीराची खबर घेता येते, हे मला फार मोलाचं वाटतं.

वर्गातलं एक उदाहरण सांगते. एक बाई सहासष्टाव्या वर्षी आल्या. त्यांना खुर्चीवरून उठतानाही हात टेकावे लागत. पहिले तीन महिने आम्ही फक्त खुर्चीवरून उठलो आणि बसलो, तेही खाली दोन उशा घालून. मग एक उशी काढली. मग खुर्चीच्या जागी स्टूल आलं, पुढे पाट, पाटावर घडी केलेली सतरंजी, आणि शेवटी नुसती सतरंजी. प्रत्येक पायरीला दीड-दोन महिने गेले. टाच उचलली जायची म्हणून टाचेखाली लाकडी पट्टी घेतली, आणि तीही हळूहळू पातळ केली. चौदाव्या महिन्यात श्रावण आला. एका विद्यार्थिनीच्या सुनेची मंगळागौर होती. झिम्मा झाला, पिंगा झाला आणि मुलींनी बसफुगडी धरली. उकिडवं बसून, आळीपाळीने एकेक पाय पुढे टाकत खेळायची ती फुगडी भल्याभल्यांना दमवते. या बाई सरसावून पुढे आल्या, समोरच्या मुलीचे हात धरले आणि मोजून सहा वेळा पाय टाकले. सातव्या वेळी बसल्या जागी मागे टेकल्या, हसल्या आणि कुणाचाही हात न घेता उठल्या. टाळ्या फुगडीला पडल्या. माझे डोळे भरून आले ते त्या उठण्याने.

आता सूचना, ज्या वाचल्याशिवाय कुणी पुढच्या प्रकरणांकडे वळू नये. झोपून उठल्यावर लगेच पुढे वाकण्याचे व्यायाम करू नयेत. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकताना त्यांच्यावर जास्त भार येतो. तासभर हिंडून-फिरून, चहा-पाणी उरकून मग सुरुवात करावी. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांनी पाठीची कमान करून पुढे वाकणं टाळावं. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, अशा बायकांपैकी ज्यांनी पुढे वाकण्याचे व्यायाम केले त्यांच्यातल्या ८९ टक्क्यांना मणक्याचे नवे अस्थिभंग झाले. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होतं. म्हणजे व्यायाम सोडायचा नाही, दिशा बदलायची. तरुणांना एक ताण तीस सेकंद पुरतो. पासष्टीनंतर तोच साठ सेकंद धरला तर जास्त फायदा होतो. ताण जाणवावा, कळ येऊ नये. गुडघा किंवा खुबा बदललेल्यांनी खाली बसावं की नाही हे आपल्या शल्यचिकित्सकालाच विचारावं. त्यांच्यासाठी खुर्चीवरचं वेगळं प्रकरण लिहिलं आहे.

पुस्तकाची मांडणी वर्गातल्यासारखीच ठेवली आहे. पहिल्या भागात मान, खांदे आणि हाताची बोटं. दुसऱ्यात पाठ आणि कंबर. तिसऱ्यात खुबा, गुडघा, घोटा. शेवटच्या भागात जमिनीपर्यंत जाण्याची आणि परत येण्याची शिडी, पायरी-पायरीने. प्रत्येक व्यायामापुढे तो घरातल्या कोणत्या कामासाठी आहे, हे लिहिलं आहे. साडीच्या निऱ्या, वेणी, धोतराचा काष्टा, नातवंडाला उचलून घेणं, एसटीची उंच पायरी. आपण कशासाठी ताण देतो आहोत हे ठाऊक असलं की माणूस टिकून राहतो. नुसत्या आरोग्यासाठी म्हणून सुरू केलेला व्यायाम पावसाळ्यात बंद पडतो, असा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे.

आपल्या भाषेत 'मोडेन पण वाकणार नाही' ही म्हण अभिमानाने सांगितली जाते. ती बाण्याबद्दल खरी असेल. शरीराला मात्र ती लागू नाही. घरात पाय घसरून खुबा मोडलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि वाकायचं विसरल्यामुळे मोडणं जास्त सोपं झालेलं पाहिलं आहे.

हे पुस्तक तरुणांनीही वाचावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आईवडिलांसाठी विकत घ्या, पण आधी स्वतः वाचा. चाळिशीत रोज दहा मिनिटं जमिनीवर बसण्याची सवय ठेवली, तर सत्तरीत ती नव्याने कमवावी लागणार नाही.

शेवटी एवढंच. शक्य असेल त्यांनी हे पुस्तक जमिनीवर बसून वाचावं. भिंतीला टेकून, खाली उशी घेऊन, हवं तेव्हा पाय बदलून, जसं जमेल तसं. ज्यांना खाली बसता येत नाही, त्यांनी खुर्चीत बसून सुरुवात करावी आणि शिडीचं प्रकरण आधी उघडावं. प्रत्येक प्रकरण संपलं की एकदा उठावं, पाणी प्यावं आणि पुन्हा बसावं. पुस्तकात एकूण बावीस प्रकरणं आहेत. शेवटचं पान उलटेपर्यंत बावीस वेळा बसणं-उठणं झालेलं असेल. माझी आई तेवढं एका सकाळीच करायची.

सांगली
गुढीपाडवा